आधी जोडायचं, मग काढायचं

डिझेलमधलं गंधक काढायचं, आणि त्यासाठी त्या गंधकाला आधी ऑक्सिजन जोडायचा. सरांनी हे पहिल्याच भेटीत सांगितलं तेव्हा मी वहीत उतरवून घेतलं, पण डोक्यात काही शिरलं नव्हतं. जे नको आहे त्यात आणखी भर कशाला घालायची? आणि हे सगळं करायचं ते आवाजाच्या मदतीने! मराठवाड्यातल्या कॉलेजात एम.एस्सी. करून मी मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत प्रकल्प-सहायक म्हणून आले होते. सेंद्रिय रसायनशास्त्र माझ्या आवडीचं. ऑक्सिडेशन शिकले होते, थायोफीनचं वलय कागदावर कितीदा तरी काढलं होतं. पण खनिज तेल, ध्वनी आणि पेरॉक्साइड या तिघांची एकाच टेबलावर गाठ पडेल, असं कुठल्याही पुस्तकात भेटलं नव्हतं.

प्रकल्पाच्या कागदावर सगळ्यात वर एक आकडा होता: १० पीपीएम. भारतात १ एप्रिल २०२०पासून भारत स्टेज-६ लागू झालं, तेव्हापासून पेट्रोल आणि डिझेल दोन्हींत गंधकाची मर्यादा इतकी खाली आली. त्याआधीच्या स्टेज-४मध्ये ती ५० होती, स्टेज-३च्या डिझेलला ३५० आणि स्टेज-२च्या डिझेलला ५००. पीपीएम म्हणजे दशलक्षात एक भाग, हे ठाऊक असूनही त्या आकड्याला काही वजन येईना. म्हणून मी हिशेब मांडला. १२ हजार लिटरच्या टँकरमध्ये साधारण १० टन डिझेल मावतं. स्टेज-२च्या काळात त्या टँकरमधून ५ किलोपर्यंत गंधक रस्त्यावर जाऊ शकत होतं. आता जास्तीत जास्त १०० ग्रॅम, तेही अख्ख्या टँकरमध्ये विखुरलेलं.

एवढा काटेकोरपणा कशासाठी, तर जळलेल्या गंधकाचा सल्फर डायऑक्साइड होतो, त्यातून सल्फेटचे बारीक कण होतात आणि ते फुप्फुसात जातात. शिवाय गाडीच्या धुरातले विषारी वायू निवळणारे उत्प्रेरक गंधकाने निकामी होतात. म्हणजे गाडीला धूर साफ करणारं कितीही चांगलं यंत्र बसवा, इंधनातच गंधक असेल तर ते यंत्र टिकत नाही. हे समजलं तेव्हा तो १०चा आकडा मला पहिल्यांदा खरा वाटला.

मग दुसरा गोंधळ सुरू झाला. माहुलच्या दोन्ही रिफायनऱ्यांसह देशभरातल्या रिफायनऱ्या गंधक काढतातच की. त्यांची पद्धत हायड्रोजनची: डिझेल साडेतीनशे अंश सेल्सियसच्या आसपास तापवायचं, वातावरणाच्या कित्येक दहापट दाबाखाली हायड्रोजनबरोबर कोबाल्ट-मॉलिब्डेनमच्या उत्प्रेरकावरून न्यायचं. गंधक हायड्रोजन सल्फाइड होऊन बाहेर पडतं, पुढे क्लॉस प्रक्रियेत त्याचं पिवळं घन गंधक होतं आणि ते विकलंही जातं. नको असलेल्या वस्तूचा शेवटी माल होतो, यापेक्षा चांगलं काय? मग आम्ही इथे काय करतोय? मी हे सीनियर ताईंना विचारलं. ताई कोल्हापूरच्या, पीएच.डी.च्या शेवटच्या टप्प्यात. त्या म्हणाल्या, "शेवटचे रेणू बघ. सगळा खर्च शेवटच्या रेणूंवर होतो."

शेवटचे रेणू म्हणजे डायबेंझोथायोफीन आणि त्याची भावंडं. प्रयोगशाळेत डायबेंझोथायोफीनला नुसतं डीबीटी म्हणतात. दोन बेंझीन वलयं, त्यांच्यामध्ये पाच अणूंचं एक वलय आणि त्या वलयात गंधक. त्यातलं सगळ्यात चिवट भावंड म्हणजे ४,६-डायमिथाइल-डायबेंझोथायोफीन. नाव लांबलचक आहे, पण रचना कागदावर काढली की चिवटपणाचं कारण लगेच दिसतं. गंधकाच्या डाव्या-उजव्या हाताला एकेक मिथाइल गट आहे. हायड्रोजनच्या पद्धतीत गंधकाने उत्प्रेरकाच्या पृष्ठभागाला टेकावं लागतं, आणि हे दोन मिथाइल गट त्याला टेकू देत नाहीत. साधी सल्फाइडं, मरकॅप्टनं भराभर निघून जातात. हे रेणू मागे राहतात. त्यांच्यासाठी दाब वाढवा, तापमान वाढवा, हायड्रोजन जास्त ओता. आणि तो हायड्रोजन बहुतेक करून नैसर्गिक वायूपासून बनवलेला, म्हणजे त्याच्यामागे कार्बन डायऑक्साइड आलाच.

ऑक्सिडेशनमध्ये मात्र क्रम उलटा होतो, आणि या विषयात मला सगळ्यात आधी भुरळ घातली ती या उलट्या क्रमाने. ऑक्सिजन देणारा रेणू गंधकावरच्या इलेक्ट्रॉनांकडे येतो, त्याला कुठल्या पृष्ठभागावर टेकायचं नसतं. मिथाइल गट तर गंधकाकडे इलेक्ट्रॉन ढकलतात, म्हणजे मदतच करतात. जपानी संशोधकांनी २०००मध्ये फॉर्मिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून हे पद्धतशीर तपासलं. गंधकावरची इलेक्ट्रॉन घनता थायोफीनमध्ये ५.६९६, डीबीटीमध्ये ५.७५८ आणि त्या चिवट ४,६मध्ये ५.७६०. फरक दुसऱ्या-तिसऱ्या दशांशस्थळाचा, पण साधं थायोफीन त्या परिस्थितीत बधलंच नाही आणि रिफायनरीला दाद न देणारा रेणू इथे मुकाट्याने ऑक्सिजन घेऊन मोकळा झाला. तापमान ५० अंश, दाब आपल्या खोलीतलाच. तो तक्ता मी पुन्हापुन्हा वाचला. एका दारात अडलेला रेणू दुसऱ्या दारातून इतका सहज जातो हे मला आजही विलक्षण वाटतं.

गंधकाला दोन ऑक्सिजन जोडले गेले की डीबीटीचं सल्फोन होतं. जोडायचं का, याचं उत्तर इथे आहे. डीबीटी आणि डिझेल दोघंही तेलकट स्वभावाचे. एकातून दुसरं वेगळं काढणं कठीण. सल्फोन मात्र ध्रुवीय असतं, त्याला तेलात करमत नाही. ॲसिटोनायट्राइलसारखा ध्रुवीय द्रावक दिला की ते तिकडे जातं, किंवा अल्युमिनावर चिकटून बसतं. म्हणजे ऑक्सिजन जोडायचा तो गंधकाला तेलापासून परकं करण्यासाठी.

खऱ्या डिझेलला नवख्या माणसाचा हात लागू देत नाहीत. आधी नकली इंधन: डोडेकेनमध्ये विरघळवलेलं डीबीटी. गंधक म्हटल्यावर मी दुर्गंधीची तयारी ठेवून नाकाला रुमाल बांधला होता. पण डीबीटी म्हणजे पांढरे, शांत स्फटिक; वास असलाच तर नावापुरता. गॅस सिलेंडर गळला की येतो तो वास मरकॅप्टनांचा. डीबीटीच्या वजनात गंधक १७.४ टक्के. ५०० पीपीएम गंधकाचं १ किलो द्रावण हवं तर २.८७ ग्रॅम डीबीटी. तराजूवर तो चिमूटभर ढीग पाहिल्यावर पीपीएमची जरब बसते.

मग पेरॉक्साइड. ३० टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि फॉर्मिक आम्ल एकत्र केले की परफॉर्मिक आम्ल बनतं, आणि खरं काम तेच करतं. ताईंनी इथे आवाज चढवून नियम सांगितले. बर्फाच्या बाथमध्ये थेंबथेंब, फ्यूम हूडच्या काचेमागे. त्या भांड्यांना ॲसिटोन लावायचं नाही, कारण आम्ल, पेरॉक्साइड आणि ॲसिटोन मिळून स्फोटक पदार्थ बनू शकतो. उरलेलं पेरॉक्साइड सोडियम सल्फाइटने मारायचं आणि आयोडाइडच्या पट्टीने खात्री केल्याशिवाय काही ओतायचं नाही. "घाई झाली तर प्रयोग सोडून दे, नियम सोडू नकोस," असं त्या म्हणाल्या. हा विषय हातात घेणाऱ्या प्रत्येकाने सर्वांत आधी शिकावं ते हेच, असं माझं मत आहे.

काचेच्या भांड्यात आता दोन थर दिसतात. वर डोडेकेन, त्यात डीबीटी. खाली पाणी, त्यात परफॉर्मिक आम्ल. ज्यांची गाठ घालायची ते दोघं दोन मजल्यांवर. मधल्या रेषेवर जेवढी भेट होईल तेवढीच अभिक्रिया. इतका वेळ कागदावरची समीकरणं पाहत असताना ही रेषा माझ्या नजरेत आलीच नव्हती.

अल्ट्रासाउंडचा प्रोब म्हणजे टायटॅनियमची एक दांडी, द्रवात बुडवायची. सेकंदाला २० हजार वेळा ती कंप पावते. माणसाच्या कानाची वरची मर्यादाही जवळपास तेवढीच, म्हणून मी समजत होते की काही ऐकू येणार नाही. प्रत्यक्षात दांडीची कळ दाबली आणि कान कापत जाणारी किणकिण सुरू झाली. ती येते द्रवात फुटणाऱ्या बुडबुड्यांमधून. म्हणून प्रोबभोवती ध्वनिरोधक पेटी आणि आमच्या कानांवर मफ्स.

या बुडबुड्यांचा इतिहास मी झपाटल्यासारखा वाचला. ध्वनीची लाट द्रवाला ताणते तेव्हा सूक्ष्म पोकळी उघडते, दाबते तेव्हा ती कोसळते. जहाजांचे पंखे या कोसळण्याने झिजतात. त्या झिजेच्या प्रश्नातून लॉर्ड रॅले यांनी १९१७मध्ये अशा पोकळीचं गणित मांडलं. ध्वनीने रासायनिक बदल होतात हे रिचर्ड्स आणि लूमिस यांनी १९२७मध्ये दाखवलं. पुढे इलिनॉय विद्यापीठात केनेथ सुस्लिक यांच्या गटाने कोसळत्या बुडबुड्यातलं तापमान ५००० अंशांच्या घरात जातं असं मोजलं. आणि बाहेरचा द्रव कोमटच! क्षणाच्या लाखाव्या हिश्शात हे होऊन जातं.

५००० अंश वाचल्यावर माझ्या मनात एक चित्र तयार झालं: बुडबुडा फुटतो आणि कार्बन-गंधक बंध तुटतो. ध्वनीने गंधक उडवून लावायचं. ताईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बरं, मग पेरॉक्साइड न घालता लाव." लावलं. पुढे नमुना जीसीत, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये सोडला. डीबीटीचं शिखर जागच्या जागी. मग पेरॉक्साइड आणि आम्ल घातलं, पण प्रोब न लावता चुंबकीय ढवळणीवर ठेवलं. शिखर उतरलं, पण हळूहळू, ताटकळत. मग दोन्ही एकत्र. ढवळून जिथे तासन्‌तास लागत होते तिथे मिनिटांतच डीबीटीचं शिखर खाली बसलं, आणि त्याच्या पुढे, उशिरा बाहेर येणारं सल्फोनचं नवं शिखर उभं राहिलं.

मग ध्वनी नेमकं करतो तरी काय? भांड्याकडे पाहिलं तर उत्तर समोरच होतं. दोन थर नाहीसे होऊन सगळं दुधासारखं पांढरं झालं होतं. रवीने ताक घुसळावं तसं, फक्त इथली रवी सेकंदाला २० हजार फेरे घेणारी. त्या पांढरेपणाचं मोल मी कागदावर काढलं. १ मिलिलिटर पाण्याचा एकच गोळा केला तर त्याचा पृष्ठभाग ५ चौरस सेंटिमीटरही भरत नाही. तेच पाणी १ मायक्रॉन व्यासाच्या थेंबांत विभागलं तर एकूण पृष्ठभाग ६ चौरस मीटर होतो. भेटीची जी रेषा आधी भांड्याच्या तोंडाएवढी होती ती हजारो पटींनी वाढली. गंधकाला ऑक्सिजन जोडतं ते रसायनच. ध्वनी दोघांची गाठ घालून देतो.

या मुद्द्यावर जाणकारांचंही एकमत नाही, आणि ते वाचताना माझा गोंधळ वाढला तसा उत्साहही. गुवाहाटीच्या आयआयटीत विजयानंद मोहोळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुडबुड्यांचं गणित आणि प्रयोग शेजारी ठेवले. तेलात बुडबुडा फुटतो तेव्हा त्यात शिरलेली तेलाची वाफच तुटते आणि हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइडसारखे क्षपणक रेणू तयार होतात. म्हणजे ऑक्सिडेशनला ते उलट आडवेच येतात. त्यांच्या मते ध्वनीचा खरा लाभ मिसळण्याचा. उलट पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत विनय भंडारी, विवेक रानडे आणि सहकाऱ्यांनी २०१६मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात ध्वनीची दांडीच नाही. तेल आणि पाणी एकत्र करून भोवऱ्याच्या आकाराच्या नळीतून जोरात फिरवायचं, तिथे प्रवाहानेच पोकळ्या होतात आणि फुटतात. उत्प्रेरक नाही. तिथे मात्र बुडबुड्यातल्या रसायनावरच भिस्त आहे. दोन्ही निबंध एकाच दिवशी वाचून मी सरांकडे गेले आणि विचारलं, यातलं खरं कुठलं? ते म्हणाले, "द्रव वेगळे, यंत्र वेगळं, रेणूही वेगळे. आधी बघ, दोघं एकच प्रश्न विचारताहेत का." तेव्हापासून कुठलाही निबंध हातात आला की मी निष्कर्षाआधी द्रावक कोणता घेतलाय ते पाहते.

यंत्रावर लिहिलेल्या वॅटवरही विसंबायचं नाही, हे सरांनी तेव्हाच शिकवलं. पाण्यात प्रोब चालवून तापमान किती चढतं ते मोजायचं आणि त्यावरून द्रवात खरोखर किती शक्ती उतरली ते काढायचं. समजा १०० मिलिलिटर द्रवात ५० वॅट १० मिनिटं उतरले, तर लिटरमागे ३०० किलोज्यूल झाले. लिटरभर डिझेलमधली ऊर्जा साधारण ३६ हजार किलोज्यूल. म्हणजे एक टक्क्याच्या आत. भिंतीतल्या प्लगमधून त्याहून बरंच जास्त जातं ते वेगळं. हा खर्च मला तितका भारी वाटला नाही. अडचण आकाराची आहे: दांडीच्या टोकापासून थोड्याच अंतरावर ध्वनीचा जोर ओसरतो, आणि रिफायनरीतून दिवसाला लाखो लिटर वाहतात.

मग खरं डिझेल आलं. नकली इंधनाचा क्रोमॅटोग्राम म्हणजे सपाट रेषेवर मोजकी शिखरं, आणि डिझेलचा म्हणजे एकमेकांत घुसलेल्या शिखरांची गर्दी. ऑक्सिडेशन होऊन गेलं, ॲसिटोनायट्राइल घालून सेपरेटिंग फनेलमध्ये हलवलं, थर वेगळे केले, गंधक उतरलं. पण द्रावकाने सल्फोनांबरोबर डिझेलमधले गंधक नसलेले ॲरोमॅटिक रेणूही उचलले होते. म्हणजे गंधकापायी चांगलं इंधनही चाललं. निबंधांच्या सारांशात गंधक किती टक्के निघालं ते ठळक असतं. तेल किती हाती उरलं, हा आकडा शोधावा लागतो. माझ्या मते तोही तितकाच ठळक छापला गेला पाहिजे.

या विषयातलं बहुचर्चित काम सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या तेह फू येन यांच्या गटाचं, २००३मधलं. फॉस्फोटंगस्टिक आम्ल आणि ऑक्सिजन तेलाच्या थरात पोचवणारं लांब शेपटांचं अमोनियम संयुग वापरून त्यांनी थोड्या वेळात ९९ टक्क्यांवर गंधक काढल्याचं मांडलं. त्याच सुमाराला अमेरिकेतल्या सल्फको या कंपनीने ध्वनीने थेट कच्चं तेलच सुधारण्याची कल्पना पुढे नेली, संयुक्त अरब अमिरातीत फुजैराला प्रकल्प उभारायला घेतला. पुढे ती कंपनी बंद पडली. तिच्या अडचणी काय होत्या त्यात मी शिरत नाही, पण कच्च्या तेलाचा हिशेब मी स्वतः करून पाहिला आणि त्या रात्री बराच वेळ वही बंद केली नाही.

५०० पीपीएमच्या डिझेलमधलं सगळं गंधक डीबीटीत आहे असं धरा. १७.४ टक्क्यांच्या हिशेबाने असे रेणू वजनाने ०.३ टक्क्यांहूनही कमी. तेवढे सल्फोन करून फेकले तरी डिझेल जवळपास तेवढंच उरतं. आता आखातातलं ३ टक्के गंधकाचं जड कच्चं तेल घ्या. तोच हिशेब: गंधक धरून बसलेले रेणू वजनाने १७ टक्के. आणि जड तेलातले रेणू डीबीटीहून मोठे, म्हणजे प्रमाण आणखी जास्त. ते सगळे सल्फोन करून बाहेर काढले तर तेलाचा पाचवा-सहावा हिस्सा किंवा त्याहून जास्त त्यांच्याबरोबर जाणार. हायड्रोजनच्या पद्धतीत रेणूतून फक्त गंधक जातं आणि सांगाडा इंधनात राहतो. आमच्या पद्धतीत सांगाड्यासकट जातं. म्हणून ही पद्धत हायड्रोजनची जागा घेणारी नाही, ती त्याच्या पुढची. हायड्रोजनने सोपं गंधक काढून झालं की जे थोडे चिवट रेणू उरतात तिथे तिने उभं राहावं. १ जानेवारी २०२०पासून जहाजांच्या इंधनातली गंधकाची मर्यादा जगभर ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आली, तेव्हा जहाजी तेलासाठीही या पद्धतीचं नाव घेतलं जाऊ लागलं. तिथे मात्र सल्फोन नुसतं काढून भागणार नाही, त्यातलं गंधक तोडून सांगाडा परत इंधनात आणावा लागेल.

आणि इथेच सध्या माझं काम अडलं आहे. भांडं थंड झालं की डोडेकेनच्या तळाशी सल्फोनचे पांढरे स्फटिक बसतात. क्लॉसच्या पिवळ्या गंधकाला गिऱ्हाईक आहे, खतवाले आणि आम्लवाले ते घेतात. या पांढऱ्या स्फटिकांचं काय करायचं? अल्कलीबरोबर तापवून गंधक सल्फाइटच्या रूपाने सुटतं का, उरलेला सांगाडा इंधनात घालण्याजोगा राहतो का, हे तपासायचं सरांनी ठरवलं आहे. ताई म्हणतात, आधी अल्युमिनाचा स्तंभ किती वेळा धुऊन वापरता येतो ते बघू, म्हणजे द्रावकाचा प्रश्न तरी सुटेल. मला स्वतःला अल्कलीचा रस्ता आधी हवा आहे. पुढच्या आठवड्याच्या बैठकीत मी त्याचीच बाजू मांडणार आहे.